कृपया हात लावू नये

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. एक निमित्त मोतीबिंदूचं. दुसरं निमित्त घरातला वाद. वाद जमिनीचा नाही (तसा तोही आहे, कोकणात कुणाच्या घरात नसतो?). वाद होता आमच्या वडिलांच्या होडीवरून. गेल्या चतुर्थीला देवबागच्या घरी सगळे जमलो तेव्हा आरतीनंतर जो सुरू झाला, तो गौरी गेल्या, गणपती गेले तरी संपेना. मुंबईला परतलेल्यांनी फोनवर चालू ठेवला. नातेवाइकांपैकी प्रत्येकाने मला फोन करून "तुझं मत काय" विचारलं आहे. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. शिवाय या वादात माझी एक चूक आहे आणि ती कबूल केल्याशिवाय मत देणं बरं नव्हे.

होडी १९५६ सालची. मी तेव्हा पाच वर्षांचा. अण्णांनी कर्ली नदीच्या वरच्या अंगाला, एका गावात आंब्याचं झाड विकत घेतलं होतं. खोड तिथेच कोरून हलकं केलं आणि ओहोटीच्या पाण्याबरोबर नदीतून खाली आणलं. ते येताना पाहायला मी आईच्या कडेवरून गेलो होतो म्हणतात. मला आठवतं ते एवढंच, की घराशेजारच्या माडांमध्ये पुढे तीन-चार महिने ठोकाठोक चालली होती आणि मेस्तांना चहा नेऊन देण्याचं काम माझं होतं.

लांबी अठ्ठावीस फूट. तळ म्हणजे ते कोरलेलं खोड, आणि त्याच्या दोन्ही काठांवर फळ्या चढवून उंची वाढवलेली. या फळ्यांना एकही खिळा नव्हता. काठाकाठाने ओळीने भोकं पाडायची, सांध्यावर आतून काथ्याची वळी दाबून बसवायची, आणि तिच्यावरून सुंभ तिरका तिरका ओढत फळी फळीला शिवायची. गोधडी शिवतात तशी, पण दोन माणसांचं बळ लावून. मग भोकं काथ्या आणि राळ घालून बुजवायची आणि सगळ्या अंगाला तेल पाजायचं. आमच्याकडे उंडीचं कडू तेल असे, कधी माशाचं. डाव्या अंगाला उलांडी. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो : होडीपासून बाजूला दोन आडव्या काठ्या काढतात आणि त्यांच्या टोकांना हलक्या लाकडाचा एक लांब ओंडका बांधतात. आमच्याकडे तो पांगाऱ्याचा असे. होडी अरुंद, ती कलंडू नये म्हणून ही उलांडी. जेम्स हॉर्नेल नावाच्या, मद्रासच्या मत्स्य खात्यात काम केलेल्या इंग्रज माणसाने १९२० साली हिंदुस्थानातल्या होड्यांवर प्रबंध छापला. त्यात कोकण किनाऱ्यावरच्या या एका उलांडीच्या होड्या त्याने नोंदल्या आहेत. त्याला त्यांचं नातं पार पूर्वेच्या बेटांवरच्या होड्यांशी जुळताना दिसलं होतं. अण्णांना हे कळलं असतं तर ते काय म्हणाले असते देव जाणे. त्यांचं बेट म्हणजे फक्त निवती रॉक.

शिवलेली होडी का, असा प्रश्न मला शाळेत मुलं विचारायची. आमच्या किनाऱ्याला तेव्हा धक्का नव्हता. होडी लाटेवरून थेट वाळूत यायची. खिळ्यांनी घट्ट धरलेली फळी अशा वेळी आदळते आणि फाटते, शिवलेली थोडी लवते आणि सुटते. पण दर वर्षी-दोन वर्षांनी सुंभ कुजायचा आणि शिवण उसवून पुन्हा घालावी लागायची. म्हणजे दुरुस्ती ही त्या होडीच्या बाबतीत अपघातानंतर करायची गोष्ट नव्हतीच. ती शेतातल्या नांगरणीसारखी ठरलेली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी नेमकं हेच विसरलो.

अण्णा १९८८ मध्ये गेले. पुढे अठरा वर्षं दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ती चालवली. तोवर तिच्यात बरंच बदललं होतं. वरच्या फळ्या सत्तरच्या दशकात तांब्याच्या खिळ्यांवर गेल्या. सुती जाळी जाऊन नायलॉन आलं होतं. शीड काढून ठेवलं, मागच्या अंगाला बाजूने एक लाकडी घोडी ठोकून तिच्यावर आठ हॉर्सपॉवरचं मशीन टांगलं. २००६ मध्ये दादाची कंबर गेली आणि होडी किनाऱ्यावर आली. तेव्हा घरात पहिला प्रश्न उठला : विकायची का? तीन जण विचारून गेले होते. मी सुट्टीला आलो होतो. मी म्हणालो, "अण्णांची होडी विकायची नाही. आणि कुणी तिला आता हातही लावायचा नाही. आहे तशी ठेवायची." मी मास्तर, शिकलेला, पेन्शनीत जाणारा. माझं ऐकलं गेलं. माडाच्या झापांच्या मांगरात चार ओंडक्यांवर तिला चढवली, मशीन विकलं, आणि २००९ मध्ये निवृत्त झाल्यावर मी हौसेने एक फलक रंगवून आणला : 'कै. अण्णांची होडी. १९५६. कृपया हात लावू नये.' अक्षर माझं चांगलं आहे.

लोकांनी ऐकलं. खरोखरच कुणी हात लावला नाही. कुणी तेल लावलं नाही, कुणी पाणी मारलं नाही, कुणी शिवण पाहिली नाही. लाकूड वाळलं. वाळलं की आकसतं, आकसलं की सांधे उघडतात. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो, म्हणून कोळी आणि गाबीत होडी वर ओढून तळ धुरावतात, तेल लावतात. जमिनीवर तो किडा नाही, पण वाळवी आहे, आणि वाळवीला माझा फलक वाचता येत नव्हता. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं, मांगराचं छप्पर उडालं आणि पुढचा अख्खा पावसाळा तिच्यावर पडला. त्या वेळी करोनामुळे मी ठाण्यात मुलाकडे अडकलो होतो. फोनवर "होडी कशी आहे" विचारलं तर पुतण्या म्हणाला, "आहे तशीच आहे काका." खोटं नव्हतं ते. मीच तसं सांगून ठेवलं होतं.

गेल्या चतुर्थीला मी आणि दादा तिच्याजवळ गेलो. दादा आता ऐंशीचा. काठी टेकत टेकत त्याने सबंध होडीला एक फेरी घातली आणि ठिकठिकाणी बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं, डॉक्टर छाती ठोकून पाहतात तसं. उजव्या अंगाची वरची फळी माझ्या खिशातल्या चाकूने मुठीपर्यंत गेली. उलांडी तर हातात घेताच तुटली. दादा कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, होडी म्हणजे तुझी पेटयेतली वही नाय. तू अण्णांची आठवण राखलंस, पण होडी मारलंस."

मला राग आला होता. आता नाही.

तर वाद असा. पुतण्याचं होमस्टे आहे. देवबागला आता घरोघर आहे म्हणा. स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी बेट, सगळं तिथे हाताशी. त्याला होडी रंगवून, दिव्यांच्या माळा सोडून फाटकाशी उभी करायची होती. आत माती भरून जास्वंदी लावायच्या, बाजूला अण्णांचा फोटो. खर्च पंधरा-वीस हजार. "काका, रोज पन्नास माणसं फोटो काढतील. अण्णांचं नाव होईल." याला हसू नका. त्याच्या मनात अण्णांबद्दल खोटं काही नाही, आणि त्याच्या त्या होमस्टेवरच आज घर चालतं. त्याच्या मुलाला, म्हणजे दादाच्या नातवाला, तीच होडी दुरुस्त करून पाण्यात न्यायची आहे. पोरगा आय.टी.आय. झालेला, डिझेल मेकॅनिक. सकाळी गरवायला जायचं, दिवसा चार-पाच पर्यटकांना कर्लीच्या खाडीतून फिरवायचं. त्यासाठी इंजिन हवं, बसायला फळ्या हव्यात, लाइफ जॅकेट ठेवायला जागा हवी, आणि तळाला बाहेरून फायबरचं आवरण हवं. आमच्या नाशिकच्या वहिनी म्हणाल्या, "मग ती अण्णांची होडी राहिली कुठे? त्यापेक्षा तो नवी फायबरची घेईना." आणि मुंबईच्या मंडळींचं म्हणणं, माझंच जुनं : आहे तशी ठेवा.

इथे मी जरा दूरचं सांगतो, कारण माझं मत बदललं ते तिथे. २०२४ मध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो तेव्हा जावयाने मॉन्टेरेला नेलं. तिथे 'वेस्टर्न फ्लायर' नावाची एक जुनी मासेमारी बोट पाहिली. १९३७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा गावी बांधलेली, सत्त्याहत्तर फुटी, लाकडी, तारली पकडण्यासाठी केलेली पर्ससीन बोट. (पर्ससीन म्हटल्यावर आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांच्या भुवया चढल्या असतील. आमच्याकडे २०१६ साली सरकारला त्या जाळ्यांवर निर्बंध घालावे लागले. पण बोटीचा काय दोष.) १९४० च्या मार्च-एप्रिलमध्ये कादंबरीकार जॉन स्टाईनबेक आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स यांनी ती सहा आठवड्यांसाठी भाड्याने घेतली आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातले किनाऱ्यावरचे जीव गोळा करत फिरले. त्यावर त्यांचं पुस्तक १९४१ मध्ये निघालं. त्याच सफरीत ऐकलेल्या एका गोष्टीवरून स्टाईनबेकने पुढे 'द पर्ल' लिहिली. त्यातल्या गरीब कोळ्याची होडीही आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्याच्याकडे आलेली असते.

पुस्तक गाजलं, बोट मात्र आपल्या कामाला गेली. तिने दुसरे मासे धरले, अलास्काकडे खेकडे धरले, तिचं नाव बदललं, मालक बदलले. शेवटी २०१२ आणि २०१३ असं दोनदा ती वॉशिंग्टन राज्यातल्या एका खाडीत बुडाली. तिच्याबाबत एक बेत असा होता, की स्टाईनबेकच्या गावी, सॅलिनासला नेऊन एका हॉटेलात तिला शोभेसाठी ठेवायची! जावई हे वाचून दाखवत होता तेव्हा मी म्हटलं, हे आमच्या देवबागचंच बोलतायत की काय. तो बेत बारगळला. २०१५ मध्ये जॉन ग्रेग नावाच्या भूशास्त्रज्ञाने ती सुमारे दहा लाख डॉलरला घेतली आणि पोर्ट टाउनसेंडच्या गोदीत सुतारांनी सात वर्षं तिच्यावर काम केलं. जून २०२२ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली, नोव्हेंबर २०२३ मध्ये मॉन्टेरेला आली.

आता मजा बघा. तिच्या खालच्या अंगाचं बहुतेक सगळं लाकूड नवं आहे. वरची केबिन बरीचशी जुनी, पण तळ आणि बाजू नव्या. इंजिन तर मुळातलं नाहीच. डिझेल आणि वीज दोन्हींवर चालणारी यंत्रणा घातली आहे, म्हणजे पाण्यात आवाज न करता हळू जाता यावं. आता ती तारली धरत नाही. शाळेच्या मुलांना आणि संशोधकांना घेऊन समुद्रात जाते. मी धक्क्यावर उभा राहून जावयाला शिक्षकाच्या पद्धतीने विचारलं, "मग ही तीच बोट कशावरून?" तो इंजिनियर. म्हणाला, "बाबा, आकार तोच, बांधायची पद्धत तीच आणि अजून समुद्रात जाते. आणखी काय हवं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. परत आल्यावर दादाच्या त्या वाक्याने सुचवलं.

माझं आजचं मत असं आहे, की होडीत जपण्यासारखी गोष्ट लाकूड नव्हे. लाकूड अण्णांनी तरी कुठे जपलं? १९५६ ते १९८८ या काळात त्यांनी निदान चार उलांड्या बदलल्या. जपण्यासारखी आहे ती तिची घडण. खोड किती रुंद कोरायचं, नाळ किती उचलायची, उलांडी किती लांब ठेवायची, फळी कुठे शिवायची आणि कुठे खिळ्याने धरायची. हे कुठल्या कागदावर नाही. ते होडीत आहे आणि दादाच्या हातात आहे. होडी कामात राहिली तर दर वर्षी कुणीतरी ते हातात घेतं. फाटकाशी उभी केली तर लाकूड आणखी पाच पावसाळे टिकेल (आत माती भरली तर तीनच), पण घडण कुणीच शिकणार नाही. आणि माझ्या फलकाने जे झालं तेही तेच, फक्त दिव्यांच्या माळांशिवाय.

कुणी म्हणेल, मग संग्रहालयं कशाला? ठीक आहे. इंग्लंडात हार्टलपूल इथे 'ट्रिंकोमाली' नावाचं लढाऊ जहाज आहे. ते १८१७ मध्ये आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या जमशेटजींनी मलबारी सागात बांधलं. दोनशे वर्षांनंतरही ते आहे, कारण १९८० च्या दशकाअखेरपासून २००१ पर्यंत माणसं त्याच्यावर राबली, आणि आज संग्रहालय झालं तरी ते पाण्यात तरंगतंच ठेवलं आहे. एवढा पैसा आणि एवढी माणसं ज्यांच्याकडे असतील त्यांनी जरूर जपावं. आमच्याकडे झापांचा मांगर होता.

म्हणून मी नातवाच्या बाजूने मत दिलं. पण सगळं त्याच्या बाजूने नाही.

इंजिनाला माझी हरकत नाही. इतिहास बघितला तर आपल्या किनाऱ्यावर होडी सतत बदलतच आली आहे. १९५० च्या दशकात मुंबई राज्यात मच्छीमारांच्या होड्यांना इंजिनं बसवायला सुरुवात झाली तेव्हा सातपाटीकडचे मचवे त्याला चटकन जमले, कारण त्यांचे तळ रुंद आणि भक्कम होते. मुद्दाम नवे आराखडे करत बसावं लागलं नाही. केरळात १९५३ मध्ये नॉर्वेच्या मदतीने जो प्रकल्प सुरू झाला तिथे मात्र स्थानिक होड्यांना इंजिन पेलेना, म्हणून वेगळ्या बोटी बांधाव्या लागल्या. आमची उलांडीची होडी त्या दुसऱ्या जातीची. तिच्या पोटात इंजिन घालून मागून दांडा काढायचा म्हणजे खोडाला भोक पाडायचं, आणि इंजिनाच्या थरथरीने शिवण सैल होते ती वेगळीच. तेव्हा मी म्हटलं, इंजिन बाजूच्या घोडीवर टांगायचं, दादा टांगत होता तसं. खोडाला भोक पाडायचं नाही. उद्या कुणाला इंजिन नको झालं तर चार बोल्ट काढले की होडी मोकळी. (इंजिन बसलं की नोंदणी, परवाना, पावसाळी बंदी सगळं येतं हेही त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजो, माका म्हायत आसा." मास्तरकी सुटत नाही.)

फायबरच्या आवरणावर मात्र आमचं दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. त्याचं म्हणणं चूक नव्हतं. दर वर्षी पंधरा दिवस होडी वर घेऊन तेल लावत बसायला आता कुणाला वेळ आहे? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनेही रबराच्या लाकडावर रसायनांची प्रक्रिया करून त्यावर फायबरचं आवरण घातलेल्या होड्या केल्या आहेत आणि त्या चालल्या आहेत. मी म्हटलं, ते लाकूड नवं, कोरडं आणि प्रक्रिया केलेलं असतं. आपलं खोड पन्नास वर्षं तेल प्यायलंय. त्याच्यावर ते राळेसारखं रसायन धरणार कसं? आणि एखाद्या फटीतून पाणी आत गेलं की आवरणामागे कोंडून राहणार, लाकूड आतून कुजणार आणि बाहेरून होडी चकचकीत दिसणार. तो ऐकेना. शेवटी त्याने स्वतःच मांगरातली एक जुनी फळी घेतली, घासली, तिच्यावर फायबर चढवलं आणि आठ दिवस पाण्यात टाकली. नवव्या दिवशी कडेला नख घातलं तर आवरण पापुद्र्यासारखं सुटून आलं. त्यानंतर तो विषय निघालेला नाही. मी जिंकलो असं म्हणणार नाही, फळीने त्याला शिकवलं. चाळीस वर्षं शिकवून मला जे जमलं नसतं ते.

शिवणीचं काय, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे. मेस्तांनी पाहून सांगितलं : खोड मधोमध खणखणीत आहे, एका जागी ठिगळ लावावं लागेल. वरच्या दोन्ही फळ्या नव्या, खालच्या दोनपैकी एक नवी, आडव्या पट्ट्या निम्म्या नव्या, उलांडी आणि तिच्या काठ्या नव्या. खर्च सव्वादोन लाखांच्या घरात. पण मेस्त खिळ्यांचे. शिवण त्यांच्या वडिलांना यायची, त्यांना येत नाही. सगळं खिळ्यांवर घेतलं तर काम महिनाभरात होईल. नातू म्हणाला, घेऊया. पुतण्या म्हणाला, घेऊया. आणि मी, ज्याने आयुष्यात एक टाका घातला नाही, म्हणालो की खालच्या फळ्या शिवायच्याच.

हट्ट वाटेल. पण २१ मे २०२५ ला कारवारला आपल्या नौदलात 'कौंडिण्य' नावाचं शिडाचं जहाज दाखल झालं ते आठवतंय ना? अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून आराखडा काढून, गोव्यात, केरळच्या कारागिरांकडून, खिळा न वापरता काथ्याच्या दोरीने शिवून बांधलेलं. टीव्हीवर दाखवलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि त्याच रात्री झोप लागली नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रावरून ही विद्या पुन्हा उभी करायला नौदल, शास्त्रज्ञ आणि केरळचे कारागीर एकत्र आले. आणि आमच्या मांगरात त्याच विद्येची एक होडी होती, ती शिवणारा दादा तिच्यापासून वीस पावलांवर झोपत होता, आणि मध्ये माझा फलक होता.

दादाची बोटं आता सुंभ आवळू शकत नाहीत. पण त्याला डोळ्यांनी कळतं. गेल्या डिसेंबरात त्याने नातवाला दोन टाकाऊ फळ्यांवर बसवलं. पहिल्या दिवशी पोराने नायलॉनची दोरी आणली. दादाने ती हातात धरून म्हटलं, "ह्या लाकूड कापता. काथो पाण्यात फुगता, भोक भरता. ह्या काय फुगाचा नाय." दुसऱ्या दिवशी सुंभ आला. पाच वेळा उसवली. सहाव्या वेळी दादाने नुसतं पाहिलं आणि "चल, तेल हाड" म्हणाला. त्या दिवशी मी तिथे होतो म्हणून सांगतो. नाहीतर हे कुणी लिहून ठेवलं नसतं. मोबाईलवर व्हिडिओ काढला आहे, पण माझ्या हातात मोबाईल असल्याने निम्म्या वेळ माझं बोटच दिसतं.

पुतण्याचं काय झालं विचाराल. त्याने सव्वादोन लाखांतले सव्वा लाख दिले. रागाने नाही, पण अट घालून : पावसाळ्यात होडी वर असेल तेव्हा ती होमस्टेच्या अंगणात, पाहुण्यांना दिसेल अशी ठेवायची, आणि तेल-शिवणीचं कामही तिथेच करायचं. मला हे पटलं. लोक फोटो काढणार असतील तर तेल लावतानाचा काढू देत. नाशिकच्या वहिनींना अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, अण्णांनी ज्याला हात लावला होता त्या फळ्या जाळणार का? नाही जाळणार. निघालेल्या फळ्यांवर तारीख घालून त्या मांगरात ठेवतोय आणि नव्या फळ्यांच्या आतल्या अंगाला मेस्त साल कोरणार आहेत, म्हणजे पुढे कुणाला जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते कळावं. फसवणूक नको. शिडाची डोलकाठी उभी करायची खाचही ठेवायला लावली आहे. नातू म्हणतो, शीड कोण लावतंय? मी म्हटलं, खाच असू दे.

फलक मी स्वतः काढला. मागची बाजू कोरी आणि चांगली आहे, तिच्यावर मेस्त सध्या मापं लिहितात.

आता एक काम तुमच्याकडे. नाळ मूळची किती उंच होती यावरून दादा आणि मेस्त यांचं जमत नाही. टोक तौक्तेत तुटलं आणि दादाची आठवण व मेस्तांचा अंदाज यांत जवळजवळ वीतभर फरक पडतो. १९७४ च्या मे महिन्यात ताईच्या लग्नाचं वऱ्हाड देवबागला उतरलं होतं तेव्हा कुणीतरी किनाऱ्यावर होडीला टेकून पाहुण्यांचे फोटो काढले होते. बेळगावच्या मामांकडे कॅमेरा होता हे मला पक्कं आठवतं. मामा आता नाहीत, पण त्यांच्याकडच्या किंवा ताईकडच्या अल्बममध्ये तो फोटो असेल तर त्याचा फोटो काढून मला पाठवा. माणसांचे चेहरे नाही दिसले तरी चालेल. नाळ पूर्ण दिसली पाहिजे, आणि तिच्या शेजारी कुणीतरी उभं असेल तर उत्तम, म्हणजे त्याच्या उंचीवरून माप काढता येईल. मेस्त पुढच्या सोमवारी नाळेला हात घालणार आहेत.